सातवी क्रेन

गच्चीवरून सात क्रेन दिसत. त्यांतली पिवळी बाबांची. उंचीत ती तिसरी होती, पण हे धाकटीला मान्य नव्हतं. "ती लांब आहे म्हणून बुटकी दिसते," असं ती कोणालाही ठणकावून सांगे. धाकटी आठ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून बाबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. थोरली बारा वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत, आईबाबासुद्धा.

बाबांना क्रेन चालवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. सकाळी साडेसातला ते खांबाच्या आतल्या शिडीने वर चढत. बासष्ट मीटर, दोनशे सहा पायऱ्या, मध्ये दम खायला पाच टप्पे. वर काचेची केबिन, पायाखालीही काच. दुपारचा डबा वरच. एकदा खाली उतरले की परत चढायला पाय तयार नसतात, असं ते म्हणत.

खालून त्यांना सूचना देणारा सिग्नलवाला हा त्यांचा जुना सोबती. दिवसभर दोघांचं बोलणं वॉकीटॉकीवर चाले. मुली त्यांना वायरलेसकाका म्हणत. घरी आले की काका मुलींना सांगत, "उंटावरून शेळ्या हाकायचे पैसे मिळणारा जगातला एकमेव माणूस म्हणजे तुमचा बाप. आणि शेळी कोण? तर मी!"

"शेळी जरा कमी बोलली तर बरं होईल," बाबा म्हणत.

शाळेच्या मैदानातून क्रेन स्पष्ट दिसे. एक वाजता मधली सुट्टी होई, तेव्हा बाबा रिकामा हुक दोनदा खाली आणत आणि दोनदा वर नेत. याला घरात सलाम म्हणत. भिंगरीच्या वर्गातल्या मुलांचा आधी विश्वास बसला नाही. मग एके दिवशी अख्खा वर्ग कुंपणापाशी उभा राहिला आणि हुक दोनदा खालीवर झाला. त्या दिवसापासून भिंगरीशी कोणी भांडलं नाही. भांडली तर तीच.

पण मुलींना सगळ्यांत जास्त आवडायची ती संध्याकाळ. काम संपलं की क्रेनवाला शेवटचं एक काम करतो. हुक वर ओढून खांबाजवळ आणतो आणि क्रेनचा लांब आडवा हात ज्या ब्रेकने धरून ठेवलेला असतो, तो ब्रेक सोडून देतो. मग रात्रभर वारा नेईल तिकडे तो हात आपोआप वळत राहतो. मुली गच्चीवर कपडे काढायला जात, तेव्हा सातही क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या असत. वारा बदलला की सगळ्या हळूहळू वळत. एकाही केबिनमध्ये माणूस नसे.

"पण घट्ट बांधून ठेवलं तर जास्त चांगलं ना?" ताईने एकदा विचारलं होतं.

"उलट," बाबा म्हणाले होते. "पन्नास मीटरचा हात आहे. त्याला धरून ठेवलं की सगळा वारा तो अंगावर घेतो. मग मोडतो, नाहीतर अख्खी क्रेन घेऊन पडतो. सोडला तर काही होत नाही. वाऱ्याशी मारामारी करायची नाही, हा आमचा पहिला धडा."

ताईच्या मनात ते राहिलं. एवढी मोठी वस्तू, आणि तिला वाचवायचं म्हणजे सोडून द्यायचं.

*

सुरुवात कशी झाली हे ताईला नेमकं आठवत होतं. एका मंगळवारी सलाम झाला, पण एक वाजून सहा मिनिटांनी. बाबा घड्याळाचे पक्के. त्या दिवशी तिने तोंडातून ब्र काढला नाही. पुढच्या सोमवारी हुक एकदाच खाली आला आणि तिथेच राहिला. त्यानंतर सलाम बंद झाला. वर्गातली मुलं कुंपणापाशी जायची, थांबायची, परत यायची. ताई कुंपणापाशी जाईनाशी झाली.

घरात बाबा ओरडत नव्हते, चिडत नव्हते. आधी ते जेवताना काकांची नक्कल करत, ती थांबली. ते हळू झाले होते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येई, पण इतक्या वेळाने, की तोवर विचारणारा दुसऱ्या खोलीत गेलेला असे. कामावरून येत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. झोपत नसत. ताईने दारातून पाहिलं होतं, त्यांचे डोळे उघडे असत.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात दुसऱ्या पाळीला होती, दुपारी दोन ते रात्री दहा. तिने एका सकाळी ताईला ओट्यापाशी बोलावलं आणि चादर पिळावी तसा हातातला रुमाल पिळत म्हणाली, "बाबा दमलेत. होतील बरे. पण घरातलं घरात राहू दे. वर चढणाऱ्या माणसाबद्दल कोणी काही बोललं ना, की त्याला वर चढू देत नाहीत. कळलं?"

"कळलं."

"भिंगरीला काही सांगू नकोस. लहान आहे ती."

ताईने मनाशी खूणगाठ बांधली. त्या दिवसापासून ती घरातले आवाज सांभाळू लागली. दार आपटलं तर धावत जाई. भिंगरी हसायला लागली की तिला बाहेर नेई. शेजारणीने विचारलं, "बाबा दिसत नाहीत हल्ली?" तर ताई म्हणे, "जास्तीचं काम चालू आहे." तिला वाटे, हे सगळं फक्त आपल्यालाच दिसतं आहे.

*

त्या गुरुवारी सकाळपासून वारा होता. रेडिओवर सांगत होते, संध्याकाळनंतर वाढेल, रात्री सोसाट्याचा होईल, पत्रे बांधून ठेवा. बाबा सहा वाजून पाच मिनिटांनी घरी आले, बूट न काढता पलंगावर गेले आणि भिंतीकडे वळले.

मुली गच्चीवर गेल्या. ऊन अजून होतं. कपडे दोरीला धरून फडफडत होते. ताई चिमटे काढत होती.

"ताई," भिंगरी म्हणाली, "आपली आडवी आहे."

ताईने वर पाहिलं. सहा क्रेन पूर्वेकडे हात करून उभ्या होत्या, सरळ, एकमेकींना समांतर. सातवी, पिवळी, उत्तरेकडे हात करून थांबली होती. सगळा वारा तिच्या कुशीवर येत होता. ताई बघत राहिली. तेवढ्यात वारा किंचित फिरला आणि सहाही क्रेन एकदम हलल्या, सावकाश, थोड्याशा. पिवळी हलली नाही.

"ब्रेक सोडला नाहीये," भिंगरी म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता.

दोघी कपडे तिथेच टाकून खाली पळाल्या.

"बाबा, ब्रेक सोडायचा राहिलाय," ताई दारातून म्हणाली.

बराच वेळ काही आलं नाही. मग भिंतीकडूनच आलं, "सोडलाय."

"नाही बाबा. बाकीच्या सहा वळल्यात. तुम्ही वर येऊन बघा ना."

"सोडलाय, ताई. जा."

"बाबा—"

"जा गं."

रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. खूप खोल पाण्यातून बोलल्यासारखा तो आवाज होता. ताई स्वयंपाकघरात आली. आईला फोन करून उपयोग नव्हता. धुलाईघरात फोन कपाटात ठेवून कुलूप लावतात. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर एकच नंबर होता: वायरलेसकाका.

फोन केला तर क्रेन वाचेल. क्रेनखालच्या रस्त्यावरची माणसं वाचतील. पण काका विचारणार, बाबा कुठे आहेत, ते का नाही आले. मग सांगावं लागणार. आणि सांगितलं की बाबांना वर चढू देणार नाहीत. एकोणीस वर्षं. ताई कागदासमोर उभी राहिली आणि तिचा हात वर जाईना.

"मी करते," भिंगरी म्हणाली.

"नाही. आईने सांगितलंय, घरातलं घरात."

"तुला सांगितलंय. मला कुठे सांगितलंय?"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

"मी ओट्याखाली होते. डबे लावत." भिंगरीने स्टूल ओढलं. "आणि मला आधीपासून माहीत होतं. बाबा सकाळी एक मोजा घालून बसतात. दुसरा हातात धरून. अकरा मिनिटं. एकदा चौदा. मी घड्याळ बघते. मोज्यांचं खूप आधीपासून आहे. सलामाच्याही आधी."

"मला का नाही बोललीस?"

"तू रडशील म्हणून."

ताई दोन महिने जिच्यापासून घर लपवत होती, ती तिच्यापासून घर लपवत होती. आणि तिच्याकडे मिनिटांचा हिशेब होता. ताईला भिंगरीची जराशी भीती वाटली. फार उंच काही पाहिल्यावर वाटते तशी.

भिंगरीने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बोला साहेब, काय विसरलात?" काकांचा आवाज. मागे बसचा आवाज होता.

"साहेब नाही. मी."

"अगंबाई, भिंगरी! काय गं, शेळीची आठवण झाली का?"

"काका, आपली क्रेन आडवी आहे. बाकीच्या सहा पूर्वेला आणि आपली उत्तरेला. हलत नाही. मी नीट बघितलंय."

काका थट्टा करतील असं ताईला वाटलं होतं. पलीकडे त्यांनी बस थांबवायची घंटा वाजवली. मग ते म्हणाले, "थांब. बाबांना दे."

भिंगरीने ताईकडे पाहिलं.

"बाबांना दे ना बाळ."

मग ताईने फोन हातात घेतला. तिने सांगितलं. मंगळवारचा सलाम, सहा मिनिटं उशीर. सोमवारी हुक खाली राहिला तो. मोजे. उघडे डोळे. "ते वाईट नाही वागत, काका. ते फक्त नसतात. आत्ता पण पलंगावर आहेत आणि म्हणतात सोडलाय. त्यांना खरंच वाटतंय की सोडलाय."

काकांनी हळूच श्वास सोडला. "मला माहीत होतं गं. महिनाभर झाला. ते वॉकीटॉकीचं बटण दाबून ठेवायचे आणि बोलायचेच नाहीत, नुसता श्वास ऐकू यायचा. मला वाटलं, मलाच माहीत आहे. कोणाला कशाला सांगा. त्यांना लवकर सोडायचो, कागद मी भरायचो." मग म्हणाले, "रोज कागदावर दोन सह्या लागतात, ब्रेक सोडला म्हणून. एक वरच्याची, एक खालच्याची. खालच्याने वर बघून करायची असते. आज मी न बघता सही ठोकली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा."

"आता काय करायचं?"

"तू काही करायचं नाहीस. तू केलंस. मी बदलीवालीला फोन करतो, ती जवळच राहते. वारा अजून चढता येईल इतपतच आहे. आणि ऐक, बाबांना तिकडे येऊ देऊ नका. दारात बसा दोघी. बसाल?"

"बसू."

बदलीवाली म्हणजे बाबांच्या सुट्टीच्या दिवशी क्रेन चालवणारी. मुलींनी तिला एकदाच पाहिलं होतं, नारिंगी जाकीट, हातात चहाचा कप, आणि बाबांना म्हणत होती, "तुमची खुर्ची तुम्ही कुठे ठेवता हो? माझे पाय पोचत नाहीत."

दोघी दारात बसल्या. पंधरा मिनिटांनी भिंगरी म्हणाली, "मला बघायचंय." ताईलाही बघायचं होतं. तिने खोलीत डोकावलं. बाबा तसेच होते. तिने ठरवलं, गच्चीच्या जिन्यावर बसायचं, म्हणजे दारही दिसेल आणि वरच्या झरोक्यातून क्रेनही. घराचं दार त्यांनी उघडंच ठेवलं.

खांबाच्या आत एक नारिंगी ठिपका चढत होता. इतका बारीक, की नजर हलवली तर हरवे. ठिपका चढे, थांबे, परत चढे. वर तो पन्नास मीटरचा हात वाऱ्यात थांबून थांबून कापत होता. इतक्या दुरूनही ते दिसत होतं. रोज बाबा त्या उंचीवर जात होते, हे दोघींना पाठ होतं. पण एक माणूस किती लहान असतो आणि तो कुठे जातो, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. आणि बाबा तर गेले दोन महिने हे मनातलं ओझं अंगावर घेऊन रोज एवढं चढले होते. दोनशे सहा पायऱ्या.

"तिसरा टप्पा," मागून आवाज आला.

बाबा जिन्यात उभे होते. बूट काढलेले होते. एका पायात मोजा होता, दुसरा अनवाणी.

"इथे शिडी बाजू बदलते," ते म्हणाले. "डाव्या हाताला गार लागतं. आता ती दम घेईल."

ठिपका थांबला.

मुली हलल्या नाहीत. बाबा त्यांना ओलांडून वर गेले आणि गच्चीच्या दारात उभे राहिले. दारात बसायचं असं काकांनी सांगितलं होतं. ताईने उठून त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. भिंगरीने दुसरं धरलं. बाबांनी ते पाहिलं. त्यांची नजर परत क्रेनकडे गेली, मग बाकीच्या सहांकडे, मग परत.

"मी सोडला होता," ते म्हणाले. मग काही वेळाने, "मला आठवतंय, सोडला होता."

ठिपका केबिनमध्ये दिसेनासा झाला. वाऱ्याने एक चादर दोरीवरून सुटून कठड्याला जाऊन चिकटली. कोणी ती आणायला गेलं नाही.

आणि मग पिवळा हात हलला. आधी वाटलं, भास आहे. मग त्याच्या टोकाआडून दूरची एक खिडकी दिसू लागली, मग दुसरी. रस्त्यावरून, छपरांवरून, शाळेच्या मैदानावरून तो हात सावकाश, आवाज न करता गेला. घाई नाही. कोणी ढकलत नव्हतं, कोणी ओढत नव्हतं. पूर्वेपाशी येऊन तो थोडा पुढे गेला, परत मागे आला आणि स्थिरावला. बाकीच्या सहांसारखा.

भिंगरीने तोंड उघडं ठेवूनच श्वास घेतला. हे त्यांनी शेकडो संध्याकाळी पाहिलं होतं, पण क्रेन वळायला सुरुवात करते तो क्षण कधी पाहिला नव्हता.

बाबा दाराच्या उंबऱ्यावर बसले. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं. क्रेनबद्दल नव्हतं, हे दोघींना कळलं.

"सलामाला सहा मिनिटं उशीर झाला तेव्हापासून," ताई म्हणाली.

"मोज्यांपासून," भिंगरी म्हणाली. "तेव्हा शाळेचे पेपरही झाले नव्हते."

बाबांनी मनातल्या मनात दिवस मागे नेले असावेत. त्यांचा चेहरा बदलला. "मला वाटत होतं तीनेक आठवडे झाले," ते म्हणाले. "मला वाटत होतं कोणाला दिसत नाही."

"आम्हाला सगळं दिसतं," भिंगरी म्हणाली. "आम्ही खालून बघतो ना."

बाबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. बराच वेळ. वर चढून पहिल्यांदा शहर पाहणाऱ्या माणसाने बघावं तसं. मग ते रडले, आवाज न करता, आणि मुलींनी सदऱ्याची टोकं सोडली नाहीत.

*

काका रात्र पडायच्या आत घरी आले. ते थट्टा न करता खुर्चीवर बसले, हेच मुलींना विचित्र वाटलं. "उद्या मी जाऊन सांगणार आहे," ते म्हणाले. "माझ्या सहीचं मी सांगेन, तुझ्या ब्रेकचं तू. बरोबरच जाऊ."

"वर चढू देणार नाहीत मला."

"नाही देणार. मीही नाही देणार." काकांनी घसा खाकरला. "डॉक्टर चढ म्हणेपर्यंत शेळ्यांत यायचं."

तसंच झालं. काकांना आठ दिवस घरी बसवलं. बाबांना वर जायची मनाई झाली आणि डॉक्टरांचा कागद येईपर्यंत खाली सिग्नलचं काम मिळालं, कमी पगारावर. आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ताईला ओट्यापाशी बोलावलं. रुमाल हातात होता, पण या वेळी पिळला नाही. "मी तुझ्यावर नको ते टाकलं," एवढंच म्हणाली. मग भिंगरीला ओट्याखालून बाहेर यायला सांगितलं.

औषधं सुरू झाली. मोज्यांचं लगेच काही सुटलं नाही. अकराची दहा झाली, एका दिवशी पंधरा, मग आठ. भिंगरी आता मिनिटं मोठ्याने सांगे आणि बाबा कधी कधी म्हणत, "कालपेक्षा?"

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, मधल्या सुट्टीत ताई कुंपणापाशी गेली. का गेली, तिलाही सांगता आलं नसतं. भिंगरी आधीच तिथे होती. केबिनमध्ये बदलीवाली होती, दुरूनही तिचं जाकीट दिसत होतं. खाली खांबापाशी दोन माणसं उभी होती. त्यांतल्या एकाने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला.

रिकामा हुक खाली आला. वर गेला. खाली आला. वर गेला. मग तिसऱ्यांदा खाली आला.

"तीनदा!" भिंगरी ओरडली. "चुकली! सलाम दोनदाच असतो!"

"बाबांनी नीट सांगितलं नसेल," ताई म्हणाली.

खालचा माणूस वॉकीटॉकीत काहीतरी समजावत होता, दुसरा पोट धरून हसत होता. हुक अधांतरी थांबला, विचार केल्यासारखा. मग वर गेला.